पूर्ण बरे झाल्याचा साबण

—नाही हो, ती बेल वाजवून काही उपयोग नाही. ती होन्मासानची बायको कीयोबाई गेल्या त्या वर्षीच बंद पडली आणि म्हाताऱ्याने ती दुरुस्त केली नाही. म्हणतो, येणारा येतो आणि हाक मारतो, बेल कशाला. आणि हाक मारूनही उपयोग नाही, कारण घरात कुणी नाही. होन्मासान गरम झऱ्यावर गेलेत. आंघोळीला. हो, सकाळच्या बसनं. कधी येतील ते कसं सांगणार, एकदा पाण्यात बसले की कातडी मनुक्यासारखी होईपर्यंत उठत नाहीत—तुम्ही अशा त्या पायरीवर उभ्या राहू नका, समुद्रावरचा वारा थेट तिथंच येतो. इकडे या. कुंपणाला फट आहे ना, तिथून या, सगळे तिथूनच येतात. मी तोगाशी. शेजारीण. तुम्ही नगर कार्यालयातल्या आरोग्यवाल्या नर्सबाई ना? ओळखलं की. ती पांढरी छोटी गाडी गल्लीत शिरली की आम्हाला कळतं कुणाचं तरी रक्त, साखर नाहीतर वजन काहीतरी चुकलंय. आधीच्या नर्सबाई होत्या त्या माझ्याकडे बसूनच जायच्या, म्हणायच्या, तोगाशीसान, तुमच्याकडे चहा प्याला की अर्धी गल्ली तपासून होते. त्यांची बदली झाली. तुम्ही नवीन. या, या, बूट काढा, पाय घाला कोतात्सूत—असे, पार पांघरुणाखाली, शेगडी सकाळपासून लावलीय. चहा घ्या. हे मुळ्याचं लोणचं घ्या, यंदा मीठ कमी घातलंय. म्हणजे तुम्ही आरोग्य खात्यातल्या म्हणून सांगते, घातलंय नेहमीएवढंच.

आणि कशाला आलात ते सांगू नका, मीच सांगते. मोठ्या हॉस्पिटलातून कळवलं असणार—होन्मा कात्सुजी, वय चौऱ्याहत्तर, धंदा तातामीच्या चटया शिवण्याचा, आता निवृत्त, पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगा, शस्त्रक्रिया तीन वर्षांपूर्वी, पुढच्या तपासणीला हजर नाही, हजर नाही, हजर नाही, हजर नाही. बरोबर? बघा. तुमच्या पिशवीतली फाईल मी न उघडता वाचली. वाचणारच, तिथं मी होते. मुलगी सेंदाईला, बायको स्वर्गात, मग म्हाताऱ्याची पिशवी धरून बाकावर कोण बसणार? मी बसले. माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मला हॉस्पिटलातले बाक ओळखीचे आहेत, कुठला हलतो आणि कुठल्यावर पंख्याचा वारा येतो.

तो फुगा सापडला तोही गंमतच. मूतखड्यासाठी पोटाची सोनोग्राफी करायला गेला आणि खडा राहिला बाजूला, हा निघाला. साडेपाच सेंटीमीटर. म्हणजे केवढा, तर हे बघा, या संत्र्याएवढा. घ्या ना संत्रं, सोला. तर डॉक्टरनं आम्हाला दोघांना समोर बसवलं. पोरसवदा डॉक्टर, मान बगळ्यासारखी, पेनाच्या मागच्या टोकानं टेबलावर टकटक करत बोलणारा. मला म्हणतो, मिसेस होन्मा, तुमच्या पतिराजांचं नशीब थोर, न फुटता सापडला. मी म्हटलं, मी शेजारीण. तो म्हणाला, हो हो, अर्थातच. आणि पुढच्याच वाक्याला—तर मिसेस होन्मा. म्हातारा मान खाली घालून हसत होता! पोटात बॉम्ब घेऊन बसलेला माणूस हसतो, काय म्हणावं? मी त्याला टेबलाखालून लाथ मारली. तेही डॉक्टरनं पाहिलं आणि त्याची खात्रीच पटली असणार की ही बायकोच.

मग त्यानं चित्र काढून दाखवलं. पोट फाडायचं नाही म्हणाला, मांडीतून नळी सरकवू आणि त्या फुग्याच्या आत एक नवा कापडी नळा बसवू, आतून तारेची जाळी असलेला. रक्त नव्या नळ्यातून जाईल, जुना फुगा बाहेरून उगाच बसून राहील, हळूहळू आकसेल. होन्मासान बराच वेळ त्या चित्राकडे बघत होते, मग म्हणाले, म्हणजे चटईवरचं विणकाम नवं, आतलं गवत जुनंच. डॉक्टरला काय कळणार डोंबल, त्याच्या फ्लॅटात लाकडी जमीन असणार. तो म्हणाला, हं, तसंच काहीसं. पण तसंच होतं हो! अगदी तसंच. आणि या माणसानं—हे ऐका, हे लिहून घ्या हवं तर—या माणसानं बेचाळीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन जुन्या गवतावर नवं विणकाम चढवलं आणि दर वर्षी, न बोलावता, जाऊन गुडघ्यांवर बसून तळव्यानं दाबून बघितलं, आत कुजलंय का, कुठं दबलंय का, कडेची पट्टी सुटली का. माझ्या घरी येऊन त्यानं माझ्या नवऱ्याला सुनावलं होतं, वरून गुळगुळीत दिसतं म्हणून माणसं निजतात आणि एक दिवस पाय आत जातो. काय ऐटीत म्हणाला होता! लोकांच्या जमिनीची एवढी काळजी. स्वतःचं पोट दाबायची वेळ आली तर साहेब गरम झऱ्यावर.

नाही, शस्त्रक्रिया छान झाली. उत्तम झाली. आठवड्यात घरी आला, मांड्यांवर दोन बारीक खुणा, डासानं चावल्यासारख्या—मला कसं माहीत म्हणजे? दाखवल्या त्यानं. सगळ्या गल्लीला दाखवत होता, मला एकटीलाच नव्हे. डॉक्टरनं निघताना सांगितलं तेही मला पाठ आहे, मी कशाला खोटं बोलू. म्हणाला, फुटायची भीती मोठी होती, ती आता मागे पडली, अजून खूप वर्षं आहेत हातात. पण हे पोट आता आमच्या वहीत राहणार. महिन्यानं स्कॅन, सहा महिन्यांनी स्कॅन, मग दर वर्षी, जन्मभर. कारण नळा सरकू शकतो, कडेनं पाझरू शकतो, पाझरला तर जुना फुगा पुन्हा भरतो, आणि ते दुखत नाही, कळत नाही, फक्त चित्रात दिसतं. वेळेवर दिसलं तर परत मांडीतूनच दुरुस्त होतं, अर्ध्या दिवसाचं काम. सिगारेट बंद, मीठ कमी, रक्तदाब रोज लिहायचा. म्हातारा म्हणाला, जन्मभर म्हणजे फार नाही, मी काही विशीतला नाही. डॉक्टर हसला नाही. सिगारेट सोडली बरं का. माझ्यासमोर तरी सोडली. मागच्या शेडमध्ये काय चालतं ते मी बघत नाही, मला फक्त वास येतो.

मग घोडं कुठं अडलं विचारताय ना? साबणात अडलं.

हसू नका. तुम्ही तरुण, तुमच्या पिढीत कुणी बरं झालं की फोनवर नाचणारं अस्वल पाठवता आणि मोकळे. आमच्या गल्लीत माणूस हॉस्पिटलात गेला की घरोघरून पैशांचा लिफाफा जातो, आणि तो उठून चालायला लागला की त्यानं परतभेट द्यायची. भेट कुठलीही द्या, तिच्यावरच्या कागदावर काय लिहायचं त्यात सगळी मेख. दुखणं अजून अंगात असेल, औषधपाणी चालू असेल, तर लिहायचं—विचारपूस केल्याबद्दल आभार. आणि दुखणं मुळासकट गेलं असेल तर—पूर्ण बरा झालो. या दुसऱ्या कागदाखाली ताटली, वाटी असलं टिकणारं काही द्यायचं नाही, साबण द्यायचा, साखर द्यायची, जे विरघळतं, संपतं, मागं उरत नाही. आजार असा गेला, हे बघा, काही उरलं नाही. मग लोक हात धुतात आणि विसरतात. पण एकदा का 'पूर्ण बरा'चा साबण वाटला की संपलं. त्यानंतर त्याच दुखण्यानं पडायचं नाही. म्हणजे पडता येतं, कायदा नाही कुणाचा, पण मग गल्लीनं पुन्हा लिफाफे द्यायचे, आणि त्यांच्या हातात तुमचा साबण अजून ओलाच. त्या कोपऱ्यावरच्या इगाराशीबाई, मिठाईवाल्याच्या विधवा, त्या अठ्ठावीस वर्षांपूर्वी कुणी साखर वाटून पुन्हा पित्ताशयानं आडवा झाला ते अजून तारखेसकट सांगतात. तो माणूस मेला, त्याचं पित्ताशय मेलं, बाईंच्या तोंडात ते जिवंत आहे.

तर होन्मासाननं साबण वाटला. बावीस घरी. पूर्ण बरा झालो. आता दुकानदारानंच ब्रशनं लिहून टाकलं तर त्याच्याशी कोण भांडणार? आणि मग—कसं जायचं सांगा स्कॅनला? मोठ्या हॉस्पिटलाची बस सहकारी दुकानासमोर थांबते, आणि सहकारी दुकानासमोर काय असतं? इगाराशीबाई असतात. सहा महिन्यांची तारीख आली तेव्हा म्हाताऱ्यानं चांगला कोट घातला, बूट पुसले, थांब्यावर जाऊन उभा राहिला. बाई म्हणाल्या, अगंबाई, होन्मासान, एवढा कोट घालून कुठं? कुणी आजारी आहे का? आणि हा गडी म्हणतो, छे छे, केस कापायला. बस आली, बस गेली, आणि हा खरंच केस कापून आला! डोकं नारळासारखं. मी कुंपणापाशी उभी, म्हटलं, काय म्हणाला डॉक्टर? तो म्हणाला, मागून जरा बारीक ठेवलेत. मला हसूच आवरेना. पुढच्या तारखेला तेच. परत कोट, परत थांबा, परत न्हावी. तीन वर्षांत चार तारखा झाल्या, चार वेळा भादरून आला. गेल्या महिन्यात तर केस वाढलेही नव्हते. न्हाव्याला मोठी काळजी लागली, मला विचारतो, तोगाशीसान, म्हाताऱ्याला विसरायला व्हायला लागलंय का हो? मी म्हटलं, उलट आहे, फार लक्षात राहतं.

संत्रं घ्या ना आणखी. नको? बरं.

दुकानदार—काय? दुकानदार आपल्या मनानं कसा लिहील म्हणताय? हुशार आहात. आधीच्या नर्सबाईंनी हे विचारलं नसतं. नाही लिहिलं त्यानं आपल्या मनानं. त्यानं विचारलं की. कुणाला विचारणार, मलाच विचारलं, खोकी मीच सांगितली होती ना. घरात बाईमाणूस नाही, म्हातारा साबणाच्या दुकानात काय दिवे लावणार? मी आदल्या दिवशी जाऊन बावीस खोकी काढून ठेवली आणि म्हटलं, कागदाचं उद्या सांगते, उद्या पहिलं स्कॅन आहे. तर ते महिन्याचं स्कॅन झालं. त्याला गेलो होतो आम्ही, ते लिहिलं असेल तुमच्या फाईलमध्ये, हजर. डॉक्टरनं काळंपांढरं चित्र लावलं, टकटक केली आणि म्हणाला, मिसेस होन्मा, थोडा पाझर दिसतोय. बऱ्याच जणांचा आपोआप बंद होतो, घाबरायचं नाही, पण सहा महिन्यांनी याच. त्यानं 'याच' वर जोर दिला. हो, ऐकलं मी. कान चांगले आहेत माझे, गल्लीत कुणालाही विचारा.

मग बसनं परत आलो, दुकानापाशी उतरलो. म्हातारा बाहेरच थांबला, त्या थंडीत, खिशात हात घालून. दुकानदारानं ब्रश भिजवला आणि म्हणाला, काय लिहू? आणि मी म्हटलं, पूर्ण बरा.

बावीस वेळा लिहिलं त्यानं, सुंदर अक्षर आहे. बाहेर आले तर होन्मासान म्हणाले, काय लिहिलंत? मी म्हटलं, पूर्ण बरा झालो. त्यांनी माझ्या हातातली अर्धी खोकी घेतली आणि म्हणाले, बरं. एवढंच. बरं. मग आम्ही दोघं खोकी घेऊन चढ चढलो आणि मी त्याला ओरडत होते, जड उचलू नका, जड उचलू नका. जरा विचार करा, काय बाई आहे मी. कागदावर पूर्ण बरा आणि तोंडानं जड उचलू नका.

नाही, वेड नव्हतं लागलं. त्या रविवारी मिसाओ येणार होती. त्याची मुलगी, सेंदाईची. पोरगी वाईट नाही, वर्षातून दोनदा येते, येताना केक आणते आणि जाताना फ्रीज चिठ्ठ्यांनी झाकून जाते, म्हणजे बाबा, हे खाऊ नका, ते खाऊ नका. शस्त्रक्रियेच्या वेळी आली होती तेव्हाच तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, काकू, दुखणं उरलं असेल तर बाबांना मी इथं एकटं ठेवणार नाही, माझ्या घराजवळ एक वृद्धनिवास बघून ठेवलाय. चित्र दाखवलं. चकचकीत कागद, एक खोली, एक पलंग, एक खिडकी, आणि खिडकीतून काय दिसतं तर गाड्या लावायची जागा. आणि खाली जमीन? प्लॅस्टिकची. तातामीवाल्याला प्लॅस्टिकवर झोपवणार! मी मिसाओला म्हटलं, छान आहे हो. आणि काय म्हणणार? ती रविवारी आली, दारात बावीस खोकी, तिनं वरचा कागद वाचला आणि तिथंच पायरीवर बसली. बाबा, खरंच? पूर्ण? आणि म्हातारा माझ्याकडे बघतोय. तो कधी खोटं बोलत नाही, त्याला येतच नाही, चटईचं मापसुद्धा कधी अर्ध्या बोटानं फिरवलं नाही त्यानं. तो नुसता बघतोय. तर मी म्हटलं, अगं, डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय. सांगितलंच होतं की, काहीतरी. पोरगी रडली, मला वाकून नमस्कार केला, संध्याकाळच्या गाडीनं गेली. तो चकचकीत कागद विसरली. मी मांजराच्या ताटलीखाली घातला.

असं बघू नका माझ्याकडे. तुम्ही या गल्लीत राहत नाही. सकाळी साडेसहाला रेडिओवर कवायत लागते. तो त्याच्या अंगणात, मी माझ्या अंगणात, मधे कुंपण. तिसऱ्या प्रकाराला हात डावीकडे न्यायचा असतो, हा उजवीकडे नेतो. इतकी वर्षं झाली, रोज चुकतो. मी रोज ओरडते, होन्मासान, डावीकडे! तो म्हणतो, तुमचं डावं माझं उजवं, तुम्ही समोर उभ्या आहात. म्हणजे तोच चूक हं, मी त्याच्याकडे पाठ करून उभी असते, नुसती मान वळवून बघते. तो सेंदाईला प्लॅस्टिकवर गेला असता तर मी साडेसहाला कुणावर ओरडले असते? मांजरावर? मांजराला कवायत येत नाही. गेले तीन दिवस बघतेय ना मी, रेडिओ लागतो, तो माणूस मोजत राहतो एक दोन, एक दोन, आणि पलीकडचं अंगण मोकळं—

तीन दिवस म्हणजे... झऱ्यावर गेलाय ना तो. आज सकाळी. हो, आजच सकाळी म्हटलं मी. आणि तीन दिवस... थंडी आहे म्हणून आला नसेल. त्याच्या चपला पायरीवर आहेत म्हणताय? त्या जुन्या. नव्या घालून गेला असेल. मघाशी पेज नेऊन दिली तेव्हा तर—

बरं. बरं, पुरे, तुमच्याशी लपंडाव खेळायला मी काही लहान नाही. आहे घरातच. आतल्या खोलीत पडलाय. तुमची पांढरी गाडी त्यानं पडद्यातून पाहिली आणि टीव्ही बंद केला आणि मला म्हणाला, झऱ्यावर गेलोय म्हणून सांगा. म्हटलं ना, त्याला खोटं बोलता येत नाही, म्हणून मला पाठवतो. पण आजारी वगैरे नाही, ते मनात आणू नका. कंबर धरलीय. परवाच्या आदल्या दिवशी मुळे टांगत होता वाळायला, लोणच्याचे, शिडीवर चढून, एकदम वाकला आणि खाली आला. पडला नाही, चालत खाली आला आणि म्हणाला, लचकली वाटतं. मग काय, औषधी पट्ट्या होत्या माझ्याकडे, दोन लावल्या, गार गार वाटणाऱ्या. काल दोन बदलून लावल्या. उतार? उतार कसला पडतोय लगेच, चौऱ्याहत्तरची कंबर ती. कूस बदलली तरी तसंच दुखतं म्हणतो. वाकलं तरी तेवढंच, नाही वाकलं तरी तेवढंच. मी म्हटलं, कंबर अशी कशी हो तुमची, हट्टी, तुमच्यासारखीच. आज म्हणत होता, कमरेतून पुढं पोटाकडे येतंय. पेज दोन चमचे घेतली, ठेवली. तोंड जरा पांढरं दिसत होतं, पण त्या खोलीत उजेडच तसा. आणि घाम. हो, घाम होता कपाळावर, एवढ्या थंडीत, मी म्हटलं बघा, किती पांघरुणं घेऊन—

का उठलात?

अहो, चहा तर संपवा. कुणाला फोन लावताय? ॲम्ब्युलन्स? कमरेसाठी ॲम्ब्युलन्स बोलावतात का कुणी, लोक हसतील, मी सांगते ना, लचकलीय, मुळे टांगताना—काय? परत म्हणा.

तो फुगा?

तो कमरेत दुखतो?

नाही, डॉक्टरनं असं काही... थांबा. थांबा जरा. म्हणाला होता. निघताना, दारात. मिसेस होन्मा, कमरेत किंवा पोटात अचानक दुखायला लागलं तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच मिनिटाला यायचं. मी मान डोलावली होती. मी पिशवीत त्याचे मोजे शोधत होते आणि मान डोलावली होती. मला सगळं पाठ आहे म्हणून सांगितलं ना मी तुम्हाला मघाशी? एवढंच तेवढं नव्हतं पाठ. आणि मी त्यावर पट्टी लावली. दोन.

त्यांना सांगा, भोंगा न वाजवता या म्हणावं. चढाच्या खाली बंद करायला सांगा, ही गल्ली फार—इगाराशीबाई दारातच असतील या वेळेला, सगळे बाहेर येतील, म्हणतील—

नाही. ऐका, नका सांगू तसं. वाजवू दे. खालपासून वाजवत येऊ दे, म्हणजे ती मिठाईच्या दुकानाची मालाची गाडी तरी रस्त्यातून बाजूला होईल.

ही किल्ली. मागच्या दारानं जा, पुढचं अडकतं. डावीकडची दुसरी खोली. तुम्हाला बघून ओरडेल, म्हणेल मी झऱ्यावर आहे, ओरडू दे. हलवायचं नाही? नाही हलवत. पाणीही नाही? बरं. पाणीही नाही.

नातेवाईक—हो, मुलगी. नंबर आहे माझ्याकडे, लिहिलेला नाही, तोंडी. नको, तुम्ही नका करू. तुम्ही प्रकृती वगैरे म्हणाल, ती घाबरेल आणि तरी तिला कळणार नाही. मी करते. मी तिला सांगितलं होतं ते मीच परत घेते. नेऊ दे तिला मग सेंदाईला, प्लॅस्टिकवर तर प्लॅस्टिकवर, नेण्याजोगा राहिला तर नेऊ दे. तुम्ही इथं काय उभ्या आहात माझं तोंड बघत? बूट घालायचे राहू द्या, तशाच जा, चिखल मी पुसते. जा. जा म्हणते ना!

—हॅलो? मिसाओ? मी, शेजारची तोगाशीकाकू. नाही, केक पोचला, केकचं नाही. तू कुठं आहेस, उभी आहेस का? बस आधी.

बसलीस?